दुसऱ्या पाळीतील सोनपंखी

धुलाई कारखान्यात तिला सर्वजण घडीबाई म्हणत असत. रुग्णालयांच्या आणि खानावळींच्या चादरी गरम रुळांमधून कोरड्या होऊन बाहेर पडल्या, की त्यांच्या घड्या घालणे हे तिचे काम होते. चादरीची एक बाजू तिच्या हाती आणि दुसरी समोर उभ्या असलेल्या चष्मेवालीच्या हाती. दोघी जवळ येत, टोकाला टोक भिडवीत आणि पुन्हा दूर होत. घडीबाईचा गठ्ठा असा सरळ उभा राही, की गवंड्याने त्यालाच ओळंबा मानून आपली भिंत तपासावी.

घरची घडी मात्र तिला बसवता आली नव्हती. मुलगी लहान असताना नवराबायकोने असे ठरविले होते, की नवऱ्याने बाटल्यांच्या कारखान्यात सकाळची पाळी करावी आणि तिने धुलाईत दुसरी पाळी करावी, म्हणजे लेकरापाशी कोणीतरी एक राहील. मुलगी अर्धी आईने आणि अर्धी बापाने वाढविली, तरीही ती पूर्ण शहाणी निघाली आणि लग्न करून आपल्या घरी गेली. पाळ्या मात्र होत्या तेथेच राहिल्या. नवरा जिना चढत असे तेव्हा घडीबाई जिना उतरत असे. त्यांचा सगळा संसार जिन्याच्या वळणावर उभ्याउभ्या चाले. पाणी भरलंय, जेवण झाकलंय, बरं. ती परत येई तेव्हा तो घोरत असे. सकाळची पाळी मिळावी आणि संध्याकाळचा चहा नवऱ्यासमोर बसून प्यावा, एवढीच तिची इच्छा उरली होती.

कोणाला कोणती पाळी द्यावी हे दुसऱ्या पाळीचे मुकादम ठरवीत. मुकादम हे अधिकारी पुरुष होते, असे त्यांचे स्वतःचे प्रामाणिक मत होते. माणूस दटावल्याशिवाय हलत नाही, हा सिद्धान्त त्यांनी कोणाच्याही मदतीवाचून शोधून काढला होता. घडीबाई प्रथम त्यांच्या काचेच्या खोलीत गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "साहेब, मला जरा पाळीचं बोलायचं होतं."

मुकादमांचे कान लाल झाले. असली दुखणी बायकांनी बायकांनाच सांगावीत, असे ते खिडकीकडे पाहून म्हणाले आणि त्यांनी तिला बाहेर घालविले. ही हकिगत ऐकून चष्मेवालीने तोंडात चादरीचा बोळा कोंबला. हसणे आवरल्यावर तिने सल्ला दिला, की अशा ठिकाणी शिफ्ट म्हणावे. इंग्रजी शब्दाला पुरुष घाबरत नाहीत.

वस्तुतः मुकादमांचे चित्त कारखान्यात नसून फोनमधील एका गावात असे. त्या खेळात त्यांचे घर होते, अंगणात खुराडे होते आणि त्यांच्यासारख्याच मिशा असलेला एक माणूस तेथे राहत होता. त्या गावात माणसे म्हातारी होतात आणि मरतातही. त्या माणसाच्या मिशा पिकल्या, तो काठी टेकू लागला, तेव्हा मुकादमांच्या तोंडचे पाणी पळाले. स्वतःच्या मिशांना ते नियमाने कलप लावीत, परंतु फोनमध्ये कलप पोहोचत नव्हता. त्यावर एकच इलाज होता. सोनपंखी नावाच्या कोंबडीचे अंडे खाल्ले, की त्या गावातील म्हातारा पुन्हा तरुण होई.

सोनपंखी विकत मिळत नाही. साधेच पिल्लू गोंजारून, न्हाऊ घालून, त्याच्याशी गप्पा मारून वाढविले, तर त्याला सोनेरी पिसे फुटतात. तेच पिल्लू दटावून वाढविले तर त्याची कोळशी होते. तिच्या अंगातून धूर निघतो, डोळे निखाऱ्यासारखे होतात आणि दिसेल त्याच्या पोटऱ्यांना ती चोच मारते. फोनवर 'गोंजारा' आणि 'रागवा' ही बटणे शेजारीशेजारी होती. मुकादमांचे बोट सवयीने कोठे पडत असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांचे संपूर्ण खुराडे धुमसत होते.

शेवटी त्यांनी फोन आणून घडीबाईच्या हाती दिला. "तुझा हात हलका आहे. एवढं पिल्लू वाढव. चादरी ती चष्मेवाली बघेल."

एकटीने चादरीची घडी कशी घालावी, याचा मुकादमांनी विचार केलेला नव्हता. चष्मेवालीने भिंतीत दोन खिळे ठोकून घेतले, चादरीची दुसरी बाजू त्यांना अडकविली आणि मुकादमांपेक्षा हे खिळे बरे, असे शेजारणीला सांगितले.

घडीबाईने मात्र हे काम मनावर घेतले. चांगले काम दिसले की साहेब आपणहून विचारतील, काय हवे? अशी तिची भाबडी समजूत होती. 'गप्पा मारा' हे बटण दाबले की खेळापुरते भागत असे, पण न बोलता दाबणे तिला लबाडी वाटे. म्हणून ती खरोखरच बोले. लेकीचा फोन आला होता, शेजारणीचा नळ गळतो आहे, डावा गुडघा वळताना वाजतो, असे जे नवऱ्याला सांगायचे राहून जाई ते सर्व त्या पिल्लाला कळले. आपल्या नवऱ्यापेक्षा एका चित्रातल्या कोंबडीला आपली अधिक माहिती आहे, हे एकदा तिच्या लक्षात आले आणि तिने डबा अर्धाच झाकून ठेवला.

पिल्लाला सोनेरी पिसे फुटली. खेळातल्या मुकादमाने अंडे खाल्ले, काठी फेकली आणि अंगणात कोलांटी मारली. खरे मुकादम फोन उंच धरून रुळांपासून गोदामापर्यंत फिरून आले. ती वेळ साधून घडीबाईने विचारले, या वेळी शिफ्ट म्हणून.

"वेडी आहेस का?" मुकादम प्रेमाने म्हणाले. "तू गेल्यावर हिच्याकडे कोण बघणार? तिला तुझ्या हाताची सवय झालीय. आणि एका सोनपंखीवर काय भागतंय?" असे म्हणून त्यांनी खुराड्यात दुसरे पिल्लू सोडले. हे पिल्लू कधी सोनेरी होते ते पाहा, असे त्यांनी हाच खेळ खेळणाऱ्या इतर पाळ्यांच्या मुकादमांना आधीच कळविले होते.

चष्मेवालीने खिळ्यावरून चादर ओढली. "तू कोंबडी पाळलीस, की त्याने तुला पाळलं गं? अजून कर चांगलं काम."

 दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत घडीबाईने 'रागवा' या बटणावर बोट ठेवले, परंतु तोंडातून शब्द फुटेना. तिला रागावण्याची सवयच नव्हती. मग जे रोज कानांवर पडत होते, तेच तिने उचलले.

"बसलीस कशाला? बसायचा पगार मिळतो का इथं? तोंड वर करून बघू नकोस. तुझ्यासारख्या छप्पन्न बाहेर रांगेत उभ्या आहेत. पाय दुखतात? मग घरी बस, मी काय आमंत्रण दिलं होतं?"

बायकांचे कप ओठांशी थांबले. आवाज घडीबाईचा होता, बोलणे कोणाचे होते हे सर्वांना पाठ होते. तेवढ्यात मुकादम स्वतः दाराशी आले. चष्मेवालीने डोळे मिटून घेतले.

मुकादमांनी सगळे ऐकले आणि समाधानाने मान डोलविली. "बरोबर आहे. फार डोक्यावर चढवायचं नाही," ते म्हणाले आणि पुढे गेले.

पिल्लू वाढले ते कोळशी होऊनच. तिने कुंपण जाळले, सोनपंखीची पिसे होरपळविली, आणि अंडी देणे बंद झाले. खेळातल्या मुकादमाच्या मिशा पुन्हा पांढऱ्या झाल्या आणि तो काठी टेकीत अंगणातून पळू लागला, मागे कोळशी. इतर मुकादमांनी हे दृश्य आवडीने पाहिले.

काचेच्या खोलीचा दरवाजा आपटला. "तुझ्या लाडांनी वाया गेली ती," मुकादम गरजले. दटावणे कमी पडले, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "मला तुझं तोंड दिसायला नको. उद्यापासून सकाळी ये."

घडीबाईने तोंड होईल तितके पाडले आणि ती तशीच बाहेर आली. टेबलापाशी येईपर्यंत तिने ते पाडूनच ठेवले.

सकाळचे मुकादम पहिल्याच दिवशी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्याही हातात फोन होता. "तुम्ही कोंबड्या फार छान वाढवता म्हणे?"

"कोण, मी?" घडीबाईने चादर ताणून धरली. "माझ्या हातून होती तीसुद्धा बिघडली हो, साहेब. विचारा कुणालाही."

ते हळहळले आणि पलीकडच्या टेबलाकडे वळले. तेथील उंच बाई मोठ्या हौसेने हात पुसून पुढे आली. तिला सावध करावे, असे घडीबाईच्या मनात आले. तिने सावध केले नाही.

संध्याकाळी नवरा समोर बसला आणि त्याने चहाचा असा भुरका मारला, की खोली दणाणली.

"अहो, हा काय आवाज?"

"मी असाच पितो. इतकी वर्षं असाच पितोय."

"मला कोणी सांगितलं नाही ते," ती म्हणाली, आणि लेकीच्या फोनपासून सगळे क्रमाने सांगू लागली.