तो टेम्पोवाला कोण होता

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं नातवंडं माझ्या कपाटाकडे बघून हसलात. नात म्हणाली, "आजी, तू इंग्रजीची बाई ना? मग ही असली प्रेमाची पुस्तकं कशाला वाचतेस? शेवटी लग्न होणार, हे पहिल्याच पानावर कळतं." मी तुम्हाला परीक्षेचं विचारून विषय बदलला. उत्तर होतं, पण ते कॉलवर मावलं नसतं. म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी माझं सांगते. तुमचे आजोबा चांगले गृहस्थ होते. त्यांनी कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. संध्याकाळी शाळेतून आले की ते वर्तमानपत्र उघडत आणि मी चहा ठेवत असे. मीही शाळेतूनच आलेली असायची. पण "आज काय झालं तुझ्या वर्गात?" असं त्यांनी उभ्या संसारात कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही शिकवलं नाही. नगरला पेपर तपासायला गेले की जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी एकदोन इंग्रजी कादंबऱ्या आणायची आणि त्यांना खाकी कव्हर घालायची. कव्हरवर 'व्याकरण' किंवा 'निबंध' लिहायची. अशा प्रत्येक पुस्तकात कुठेतरी एक पान असतं. तिथे तो माणूस हातातलं काम थांबवतो, तिला काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. मी त्या पानासाठी वाचत असे. लग्नाचं पान पुष्कळदा वाचायचं राहूनही जाई.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

राहात्यात आमच्या गल्लीच्या मागे एक पेरूची बाग आहे. बागेचे मालक खाऊनपिऊन सुखी, दारात दोन गाड्या, नवा बंगला. त्यांची सून पाथर्डीकडची, कोरडवाहू गावातली, पण बी. ए. झालेली. सहा वर्षांची तिची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. मुलीचा अभ्यास घेता यावा म्हणून सासूनेच तिला माझ्याकडे इंग्रजी शिकायला पाठवलं. दुपारी तीन ते चार, शाळेची बस यायच्या आधी. त्या घरातून एकटीने बाहेर पडायला तिला मिळणारा तेवढाच तास.

पाठ्यपुस्तकाला ती कंटाळली. मी कपाटातली एक कादंबरी दिली, कारण तिच्यातलं इंग्रजी सोपं होतं. आठ दिवसांत परत आणून म्हणाली, "बाई, सगळे शब्द कळले नाहीत. पण तो तिला तीनदा विचारतो, तुला काय पाहिजे. तीनदा, बाई!"

"मोजलंस?"

"मोजलं. आमच्याकडं एकदाच विचारतात, भाजी कुठली करायची. आणि त्याचं उत्तर पण आत्याच देतात."

सासूला ती आत्या म्हणते. आम्ही दोघी हसलो.

मग एके दिवशी तिने बॅगेतून वही काढली. तिने स्वतः मराठीत एक गोष्ट लिहायला घेतली होती. मोबाईलवर गोष्टींचं एक ॲप असतं, त्यावर टोपणनावाने भाग टाकायचे होते. नायक मुंबईचा उद्योगपती, लांबलचक गाडी, समुद्राकडे तोंड करून बंगला. मी शिक्षिका. माझ्या हातात लाल पेन आपोआप येतं. मी उद्योगपतीवर फुली मारली आणि समासात लिहिलं, "असा माणूस कधी पाहिला आहेस? पाहिलेलं लिही."

"मग कोणाला लिहू, बाई? माझ्या पाहण्यात कोण येतं?"

"बागेत रोज कोण येतं?"

"पेरूचे कॅरेट न्यायला टेम्पो येतात."

"मग टेम्पोवाला घे. त्याला गाव दे, एखादी सवय दे."

हे मी सुचवलं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

तिचा टेम्पोवाला मात्र तिचाच होता. तो गेटपाशी येतो, बाईला विचारतो, "जेवलात का?" आणि उत्तर नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद करतो. एवढंच. बाकी अकरा भागांत दोघं एकमेकांच्या हातालाही लागत नाहीत. वहीत त्या इंजिनाच्या ओळीजवळ मी लाल पेनाने बरोबरची मोठी खूण केली. ॲपवर बायका खुळ्यासारख्या वाचू लागल्या. खाली लिहीत, "पुढचा भाग लवकर टाका, कणीक मळायची थांबलेय." एकीने लिहिलं, "माझा नवरा इंजिन बंद करत नाही, मी खाली येईपर्यंत हॉर्न वाजवतो." ती हे सगळं मला वाचून दाखवायची. तेव्हा तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तीन ते चारमध्ये तो चेहरा यायचा आणि चारला बसच्या वेळी ती तो पुसून जायची.

मी तिला आणखी एक शिकवलं. स्वयंपाकघर लिहितेस तर नुसतं 'स्वयंपाकघर' लिहू नकोस, त्यातली एखादी वस्तू दाखव. तिने एकदा हसत सांगितलं होतं, की आत्या तेलाच्या बरणीला कपाळाची टिकली चिकटवतात. दुपारी आडवं व्हायच्या आधी तेल जिथवर असेल तिथे टिकली. उठल्यावर बघायचं, सुनेने किती वापरलं. मी म्हणाले, "हे घाल. हे कोणाला सुचणार नाही." तिने नवव्या भागात घातलं.

तिची नणंद श्रीरामपूरकडे दिलेली. ती पण हे ॲप वाचायची. ही गोष्ट पहिल्या भागापासून वाचत होती, रडायची, खाली बदामाची चित्रं टाकायची. लिहिणारी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. नवव्या भागात टिकली आली. लहानपणी आईचा डोळा चुकवून तीच टिकली खाली सरकवून ठेवायचं काम नणंदेने स्वतः केलं होतं. तिने घर ओळखलं. आणि ज्या अर्थी बरणी खरी, सासू खरी, गेट खरं, त्या अर्थी टेम्पोवालाही खरा. इतके दिवस ज्याच्यासाठी ती रडली, तो तिच्या भावाच्या बायकोचा माणूस निघाला.

तरी दोन भाग ती गप्प राहिली. मग माहेरी आली.

त्या दिवशी तीन वाजता सून आली नाही. सासू आणि नणंद आल्या. चपला न काढता सासू सोफ्यावर बसली.

"बाई, तो टेम्पोवाला कोण ते सांगा."

"कोण टेम्पोवाला?"

"आमाला येडं समजू नका. तुमच्याच घरात येत आसंल. दुसरं कुठं ती जात न्हाई."

"इथे कोणी येत नाही हो. ती गोष्ट आहे."

"गोष्ट? माझी बरणी गोष्ट हाय व्हय? इंग्रजी शिकाया पाठिवली हुती, तुमी हे शिकिवलं? नातवंडं परदेशात, आन् या वयात हे धंदे!"

नणंद आईकडे न बघता मला म्हणाली, "बाई, खोटा माणूस इतका चांगला कसा लिहिता येतो? कुठंतरी बघितल्याशिवाय?"

प्रश्न खरा होता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. घरी कोणाच्या हाती लागू नये म्हणून ती वही माझ्याच कपाटात राहायची, माझ्या लाल फुल्यांसकट. मी उठून ती त्यांच्यापुढे ठेवायला हवी होती. मी म्हणाले, "मी फक्त इंग्रजी शिकवते. बाकीचं मला माहीत नाही." मला भीती वाटली, गल्लीत काय बोलतील याची. इतकी वर्षं 'व्याकरण' लिहिलेली कव्हरं घातली, त्याच सवयीने बोलून गेले.

चार दिवसांनी वही घेऊन मी बंगल्यावर गेले. तोवर सुनेला पाथर्डीकडे माहेरी पोचवलं होतं. मुलगी इकडेच ठेवली होती. सुनेचा फोन नवऱ्याकडे होता आणि गोष्ट त्याने पुसून टाकली होती. एका टेम्पोवाल्याचं बागेत येणंही बंद केलं होतं, कारण तो गेटपाशी इंजिन बंद करायचा. डिझेल वाचावं म्हणून करत असे बिचारा, पण आता ऐकणार कोण?

तिचा नवरा माझा आठवीतला विद्यार्थी. उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. मी वही उघडून दाखवली. "हे बघ, आधी उद्योगपती होता. मी खोडला. मग माझ्या सांगण्यावरून टेम्पोवाला आला. माणूस असता तर बदलला असता का?"

त्याने शांतपणे पानं उलटली. फुलीवर बोट ठेवलं, मग खुणेवर.

"बाई, उद्योगपती खोटा होता म्हणून तुम्ही फुली मारली."

"हो."

"आणि याच्यावर बरोबरची खूण केली."

"अरे, ती लिहिण्याला केली."

"तुम्हीच शिकवलंय आम्हाला. चुकलं तर फुली, बरोबर असलं तर खूण." त्याचा आवाज अजूनही विद्यार्थ्यासारखाच होता. "खोटं असतं तर तुम्ही सोडलं नसतं, बाई. तुम्हाला मी ओळखतो."

आतून मुलीने विचारलं, "पप्पा, मम्मी आली?" तो आत गेला. वही त्याने ठेवून घेतली.

अडीच महिन्यांनी ती परत आली. मुलीने जेवण सोडलं, आजारी पडली, तेव्हा आणली. माझ्याकडे येणं बंद. मी मुद्दाम बसच्या वेळी माझ्या फाटकापाशी उभी राहू लागले. ती बघून न बघितल्यासारखं करायची. एके दिवशी बसला उशीर झाला आणि ती स्वतःहून जवळ आली. वाळली होती.

मी म्हणाले, "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. चुकले."

"तुम्ही बोलला असता तरी त्यांनी ऐकलं नसतं."

"तरी."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "घरी आणायच्या आधी गुरुवारी शिर्डीला नेलं. आत्या म्हणाल्या, बाबांच्या समोर हात जोडून म्हण, असा माणूस नाही, कधी नव्हता. मला सोपं वाटलं. खरंच तर होतं ते. खोटी शपथ थोडीच होती."

"मग?"

"म्हणताना जीभच उचलेना. मागं लाईन थांबलेली, लोक ढकलायला लागलेले. म्हणाले एकदाचं." तिने पदर सारखा केला. "तेव्हापासून तो येत नाही, बाई. मी भाकरी करताना बोलवून बघते. गेट दिसतं, टेम्पो दिसतो. तो दिसत नाही."

"परत लिहून बघ. वही मी ठेवीन."

"काय लिहू? तो नाही, असं मी बाबांना सांगून आलेय."

बस आली. मुलगी उतरली ती बोलतच, वर्गात कोणीतरी कोणाचा डबा सांडला होता, बाईंनी काय केलं, मग काय झालं. आईने तिचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. मुलगी मधेच थांबून विचारत होती, "मम्मी, ऐकतेस ना?" ती न थांबता म्हणाली, "हं," आणि वळणापर्यंत तसंच म्हणत गेली, हं, हं.