मावशीचं नाक आणि गाडीचं ऑइल

इंजिनात नवं ऑइल ओतताना माणसाला पुण्य केल्यासारखं वाटतं. मधासारखी सोनेरी धार, मंद आवाज, आणि आपल्या हातून काहीतरी पौष्टिक घडतंय अशी भावना. त्या रविवारी सकाळी मी वरून ओतत होतो आणि इंजिन पीत होतं. पीतच होतं. अख्खा डबा रिकामा झाला तरी त्याची तक्रार नाही. मला वाटलं, बिचारं किती तहानलेलं होतं. मग चपलेखाली काहीतरी बुळबुळीत लागलं. खाली पाहिलं, तर मी वरून घातलेलं सगळं खालून बाहेर पडून, पार्किंगच्या उताराने, शांतपणे फाटकाकडे निघालं होतं. जुनं ऑइल काढायला इंजिनाच्या तळाचा बोल्ट खोलावा लागतो, हे मला माहीत होतं. तो परत लावावा लागतो, हेही माहीत होतं. फक्त तो माझ्या शर्टाच्या खिशात होता.

गाडी माझी नव्हती, माझ्या मावशीची होती. ती मला द्यायची की नाही, हे मावशी त्याच सकाळी ठरवणार होती. आणि मावशी फाटकात उभी होती, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. ऑइलचा ओघळ तिच्या उजव्या बुटापाशी पोचला, जरा थबकला आणि बिनदिक्कत खाली शिरला. तिने पाय उचलला, तळवा जमिनीवर किंचित घासून पाहिला.

"नवं आहे," ती म्हणाली. "नवं का सांडलंस?"

दुसरी कुणीही बाई "अरे, हे काय केलंस" असं म्हणाली असती. पण मावशीला आधी ऑइल दिसतं, मग भाचा.

याला तिची नोकरी कारण. मावशी आयुष्यभर फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवत होती. आत दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं आणि मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. तिच्या आधीचा ड्रायव्हर ब्रेक असा दाबायचा की कादंबऱ्या उडून बागकामाच्या पुस्तकांवर पडायच्या, आणि वाचकांना आत शिरल्यावर आधी आवराआवर करावी लागायची. मावशी आली आणि पुस्तकं जागच्या जागी राहू लागली. कपाटांना लावलेल्या आडव्या पट्ट्याही तिने काढून टाकायला लावल्या. "पट्टी असली की ड्रायव्हर माजतो," असं तिचं म्हणणं.

थांबा आला की ती आधी इंजिन बंद करायची, मग दार उघडायची. वाचनालयाचे साहेब एकदा म्हणाले, राहू द्या की चालू, थोडा वेळ तर थांबायचं. मावशी म्हणाली, "साहेब, लोक पुस्तक निवडायला आलेत, गाडीची धाप ऐकायला नाही." उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की काट्यावर किलोमीटर वाढत नाहीत, पण आत ऑइल म्हातारं होतच राहतं, हा तिचा लाडका सिद्धांत. त्यावरून वर्कशॉपच्या फोरमनशी तिचं कायम वाजायचं. तो किलोमीटर मोजून ऑइल बदलायला निघाला की मावशी आडवी यायची. "किती चालली ते काय विचारतोस, कशी चालली ते विचार." धुळीच्या रस्त्यावरच्या फेऱ्या वाढल्या की ती आधीच बदलायला लावायची. लांबच्या सरळ रस्त्याच्या फेऱ्या असल्या की म्हणायची, राहू दे, ठणठणीत आहे अजून. शेवटी फोरमनने हात टेकले आणि डिपस्टिक, म्हणजे इंजिनात खुपसलेली ऑइल बघायची लांब सळई, तिच्याच हातात दिली. ही त्याची फार मोठी चूक. कारण त्यानंतर मावशीने कुणाच्याच गाडीची डिपस्टिक सोडली नाही.

घरी पाहुणे येऊन बसलेले असायचे आणि मावशी बाहेर त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून उभी. डिपस्टिक उपसायची, टोकाचं ऑइल दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं, आणि आत येऊन पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देता देता विचारायचं, "सकाळी सुरू केल्या केल्या पळवता ना गाडी? उठल्या उठल्या तुम्हाला कुणी जिना पळत चढायला लावला तर चालेल?" काही पाहुणे पुन्हा आले नाहीत. काही पायी येऊ लागले.

काकासुद्धा तिला त्या व्हॅननेच मिळवून दिले. काकांना वाचनाची बिलकूल आवड नव्हती, पण मावशीच्या थांब्यावरून ते जाडजूड कादंबऱ्या न्यायचे आणि कोऱ्या करकरीत परत आणायचे. एकदा तिने विचारलं, शेवट कसा वाटला? काका म्हणाले, "अजून झाला नाही." आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर दोघांनी ही छोटी गाडी घेतली. दर रविवारी ती काकांना घेऊन गावाबाहेरच्या लांब रस्त्याने तळ्यापर्यंत जायची. कारण अर्थातच ऑइलचं. "आठवडाभर गल्लीबोळांत फिरलेलं ऑइल एकदा चांगलं तापलं पाहिजे, आतली वाफ निघून गेली पाहिजे." काका शेजारच्या सीटवर, मांडीवर चहाचा थर्मास धरून. काका गेले तरी रविवार चुकला नाही. काकांच्या जागी थर्मास बसायला लागला, पट्टा लावून.

मग मावशीचे डोळे बिघडले. पडदा खराब झालाय, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशीने रडारड केली नाही. "डोळे गेले तर गेले," ती म्हणाली, "नाक जागेवर आहे." गाडी तिला बाहेर विकायची नव्हती, घरातच कुणाला तरी द्यायची होती. पण पारखून.

आधी पाळी आली माझ्या मामेभावाची. त्याला घरात सगळे 'घाई' म्हणतात. पुढच्या गाडीच्या डिकीतच बसून जायचंय अशा बेताने तो गाडी चालवतो, आणि मधेमधे ब्रेक लावून सगळ्यांच्या मानेचा व्यायाम करून घेतो. गाडी परत आली तेव्हा ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. मावशीने बोटं पुसली आणि म्हणाली, "याला सायकलसुद्धा देऊ नका."

मग हिवाळाभरासाठी गाडी माझ्याकडे आली. मी मनात म्हटलं, चला, आता ही आपलीच. घाई जेवढा घाईचा, तेवढा मी सावकाश. मी गाडी माहेरवाशिणीसारखी जपली. लांब नेली नाही, धुळीत नेली नाही, तापू दिली नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत नेली आणि आणली. ऑफिसला नेली, जिथे मी पायी गेलो असतो तर आधी पोचलो असतो. सकाळी बायकोला सोडायचं असलं की ती खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवून आत बातम्या ऐकत बसलो.

"अहो, बेकरीला गाडी?" बायको म्हणायची. "आपल्या खिडकीतून हाक मारली तर बेकरीवाला ओ देईल."

"गाडी चालती राहिली पाहिजे," मी म्हणायचो.

बायकोकडे लायसन होतं आणि ती माझ्यापेक्षा बरी चालवते असं तिच्या माहेरचे म्हणतात. पण परीक्षा माझी होती, म्हणून मी तिला चावीला हात लावू दिला नाही.

दर रविवारी मावशीचा फोन यायचा. "आज कुठे नेली होतीस?"

"कुठेच नाही, मावशी. अगदी जपतोय."

"बरं," एवढंच म्हणून ती फोन ठेवायची. मला वाटायचं, खूश झाली.

आणि मग आली ती निकालाची सकाळ. मावशी यायच्या आधी मी बॉनेट उघडलं, ते खरं तर स्वतःचं कौतुक करून घ्यायला. ऑइल घालायचं झाकण फिरवून काढलं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा फेस. डिपस्टिक उपसून वास घेतला, तर पेट्रोलचा. काय बिघडलंय ते मला कळलं नाही, पण मावशीला कळेल एवढं कळलं. मी जुनं ऑइल बायकोच्या कपडे भिजवायच्या टबात काढलं, टब जिन्याखाली लपवला आणि घाईघाईने नवं ओतलं. ते फाटकाकडे कसं गेलं, ते सांगितलंच आहे.

"जुनं कुठे आहे?" मावशीने विचारलं.

"कुठलं जुनं?"

"जे लपवायला नवं सांडलंस ते."

एवढ्यात बायको खाली आली. तिने एकदा ओघळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि समोरच्या सुताराकडून ऑइलवर टाकायला भुशाचं पोतं आणून माझ्या पायाशी ठेवलं. मग जिन्याखालून टब ओढून बाहेर काढला.

"मावशी, टब माझा आहे," ती म्हणाली. "आतलं यांचं."

मावशीने हातातली पिशवी आणि पर्स गाडीतल्या सीटवर ठेवली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. टबात दोन बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली. डोळे मिटून घेतले. मी भुसा पसरायचं सोडून वाट पाहत उभा.

"पेट्रोल," ती म्हणाली. "आणि पाणी. इंजिन तापायच्या आत बंद करत आलास. तापलंच नाही तर आतली वाफ जाणार कुठे? बसली ऑइलमध्ये. पेट्रोल नीट जळलं नाही, तेही तिथेच येऊन बसलं. त्या घाईने ऑइल जाळलं. तू भिजत घातलंस."

"पण मी किती हळू चालवली, मावशी."

"चालवलीस कधी? उठवलीस आणि झोपवलीस. रोज बेकरीला."

मी हबकलो. "बेकरीसुद्धा वासावरून कळते?"

"नाही. सीटवर बिस्किटांचा चुरा आहे, आत्ता हाताला लागला."

बायकोने तोंड फिरवून घेतलं. हसत असावी. मी मान खाली घालून पुन्हा भुसा पसरू लागलो. मावशी रुमालाने बोटं पुसत होती, एकेक, सावकाश.

"तळ्याच्या रस्त्याला एकदाही नाही नेलीस," ती म्हणाली. आवाज जरा उतरला होता.

"तुझ्याच गाडीला जपत होतो ना," मी म्हणालो.

बायकोचं हसू थांबलं. तिने सीटवरच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून थर्मासचं झाकण डोकावत होतं.

"मावशी," तिने विचारलं, "चहा भरून आणलाय?"

"दर रविवारी भरते," मावशी म्हणाली. "सवय आहे. संध्याकाळी ओतून देते."

मला गोष्टी कळायला इंजिन तापण्याइतका वेळ लागतो, थंडीत थोडा जास्तच. भुशाची मूठ हातात तशीच राहिली. हिवाळाभर दर रविवारी ती "आज कुठे नेली होतीस?" विचारत होती, तेव्हा तिकडे थर्मास भरलेला होता. आणि मी दर वेळी अभिमानाने सांगत होतो, कुठेच नाही.

"बोल्ट कुठे आहे?" मावशी उठत म्हणाली. आवाज पुन्हा फोरमनशी भांडतानाचा झाला होता.

"खिशात."

"तिथे त्याचा काय उपयोग? आडवा हो आणि लाव."

मी आडवा झालो. पाठीला भुसा, केसांना ऑइल. बायको तोवर दुकानातून नवा डबा घेऊन आली. पायी. मावशीने मला बोल्ट पुन्हा एकदा आवळायला लावला, मग वरून ओतू दिलं, आणि सगळं होईपर्यंत इंजिनाखाली तळहात धरून थांबली. थेंबही पडला नाही तेव्हा हात मागे घेतला. टबातलं काळं गटारात ओतायचं नाही, उद्या गॅरेजवर नेऊन द्यायचं, अशी मला ताकीद मिळाली. टब नवा आणायची ताकीद दुसरीकडून मिळाली.

मग मावशीने सीटवरच्या पर्समधून जास्तीची चावी काढली, चाचपडत पुढे झाली आणि बायकोच्या हातात ठेवली.

"सुरू केलीस की लगेच निघ, उभी ठेवू नकोस," ती तिला सांगत होती. "पण पहिला थोडा रस्ता लाडाने ने. तापमानाचा काटा वर येऊ दे, मग जा हवी तशी."

"तळ्यापर्यंत ना?"

"पलीकडेही रस्ता आहे. काका नेहमी म्हणायचे, एकदा जाऊ."

बायको स्टिअरिंगवर बसली. मावशी शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि थर्मास मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरून. मी अंगावरचा भुसा झटकत खिडकीशी गेलो. हिवाळाभराच्या मेहनतीचं काहीतरी व्हायला हवं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "मग गाडीचं काय ठरवलंस?"

"तू मागे बस."