पशुपतीच्या दारातला ठोसा
टपरीवरचा पैसे आल्याचं सांगणारा डबा 'दहा रुपये मिळाले' असं ओरडला की माझ्या बोटावरचा जुना व्रण ठणकतो. काठमांडूत, पशुपतीच्या देवळाबाहेर, मामानं रुद्राक्षाच्या माळेचे पैसे मोबाईलवरून पाठवले. सोलापुरात आपण लांबूनच स्क्रीन दाखवतो आणि चालू लागतो, डबा मागून ओरडतोच. मामानंही तेच केलं. "गेले बघा," म्हणत तो निघाला. पण त्या दुकानात डबाच नव्हता. दुकानदारानं धावत येऊन मागून त्याची कॉलर धरली, "पैसा आया नहीं!" झटापटीत मामाच्या गळ्यातला दोरा तुटला, आम्ही लिंगायत गळ्यात बाळगतो त्या इष्टलिंगाची चांदीची डबी फरशीवर आपटून उघडली आणि जन्मात कधी अंगावेगळं न केलेलं लिंग गटाराकडे घरंगळत गेलं. "अय्यो, लिंग पाडलं की रं यानं!" मामा किंचाळला. मी त्या माणसाला भिंतीवर आदळलं आणि तोंडावर ठोसे घालत राहिलो. त्याचा दात माझ्या बोटात रुतला तरी थांबलो नाही. तेवढ्यात मामाचा मोबाईल वाजला, व्यवहार फसल्याचा मेसेज होता. पैसे गेलेच नव्हते. माझा हात हवेतच राहिला. तो माणूस रक्त थुंकला, वाकला, त्यानं गटाराच्या कडेचं लिंग उचलून स्वतःच्या शर्टाला पुसलं, कपाळाला लावलं आणि मामाच्या ओंजळीत ठेवलं. आता डबा बोलून गेला तरी मी टपरीसमोर उभाच राहतो. शेवटी चहावालाच म्हणतो, "आले की पैसे, जावा आता."