जांभळ्या नोटेची दुसरी वेलांटी

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण ते इतकं अंगवळणी पडलेलं की एकदा कारकुनाने पगाराच्या पाकिटावरही तेच नाव लिहून टाकलं. तिने पाकीट परत पाठवलं. नावाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. त्याने ‘वेलांटी’ची शेवटची वेलांटी पहिली काढली होती.

छत्तीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती पत्रकं. मग ती निवृत्त झाली, पण डोळे काही निवृत्त होईनात. साबणाचं वेष्टण, विजेचं बिल, दवाखान्याची पाटी, काही सुटत नसे. नवरा वर्तमानपत्र आधी स्वतः वाचून घ्यायचा, कारण तिच्या हातून ते परत येई तेव्हा त्याला तांबड्या शाईचा गोवर आलेला असे.

अशा या वेलांटीबाईंना नाण्या-नोटांच्या अधिवेशनाला नेलं ते त्यांच्या थोरल्या नणंदेने. नणंद म्हणजे मोठ्या रुग्णालयातली निवृत्त परिचारिका. आवाज असा, की भूल दिलेला रुग्णसुद्धा सांगितल्याबरोबर कुशीवर वळावा. एका सकाळी ती पत्र्याचा एक जुना डबा काखोटीला मारून आली आणि चपला न काढताच म्हणाली, “वहिनी, साडी बदल. आपल्याला जायचंय.”

“कुठे, वन्सं?”

“बाबांची नाणी विकायला. प्रदर्शनाच्या इमारतीत देशभरचे नाणीवाले जमलेत. तीन दिवस. फुकटात किंमत सांगतात. जावई म्हणतो, या डब्यात एक फ्लॅट आहे.”

“आणि नसला तर?”

“तर जावयाचा कान पिळीन. चल.”

दोघी पोचल्या तेव्हा दाराशी ही रांग लागलेली. आत पाऊल टाकलं आणि दोघींचे पाय जागच्या जागीच थबकले. चार-पाचशे टेबलं, प्रत्येकावर छोटा दिवा, आणि त्या उजेडात वाकलेली डोकीच डोकी. सगळीकडे नाण्यांची किणकिण. एक टाय लावलेला गृहस्थ डोळे मिटून एका नोटेचा वास घेत होता. शेजारी एक नवरा-बायको एका नोटेवरून भांडत होते. तो म्हणत होता, “ही थकलीये,” आणि ती म्हणत होती, “थकली नाहीये, जरा मळलीये.” फक्त मासे असलेली नाणी जमवणारा एक खलाशी होता. एका बाईकडे फक्त भोकाची नाणी होती आणि तिने ती नाड्यांत ओवून गळ्यात घातली होती.

“वहिनी,” नणंद हळूच म्हणाली, “मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली, पण एवढे वेडे एका छताखाली पाहिले नव्हते.”

“आणि सगळे सुखात आहेत,” वेलांटीबाई म्हणाल्या.

किंमत सांगणाऱ्या टेबलावर पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी होती. तिने डबा रिकामा केला, भराभर नाण्यांचे ढीग लावले आणि पाच मिनिटांत मान वर केली.

“मावशी, नाणी छान जपली आहेत.”

“किती येतील?”

“वजनावर जातील. म्हणजे धातूच्या भावाने.”

नणंदेचा चेहरा पडला. मुलीला वाईट वाटलं असावं. ती डबा उलटा-पालटा करून म्हणाली, “हा डबा मात्र जुना आहे. झाकणावरचा रंग शाबूत आहे. शेवटच्या रांगेत डब्यांचे शौकीन बसतात, त्यांना दाखवा.”

दहा मिनिटांत डबा विकला गेला, तोही असा की नणंदेने भाव सांगण्याआधीच समोरच्याने दुप्पट सांगितला. बाबांची नाणी रुमालात बांधून, ते गाठोडं हलवत, ती परत आली ती नाचतच. फ्लॅट गेला तर गेला, म्हणाली, पण डब्याला पैसे येतात हे आधी माहीत असतं तर स्वयंपाकघर रिकामं केलं असतं. मग त्या पैशांचं काय करायचं यावर दोघींचं क्षणात एकमत झालं. इथेच उडवायचे. नणंदेने कधीच्या काळी बुडालेल्या कुठल्याशा राजवटीची शंभर अब्जांची नोट घेतली. “आता मी अब्जाधीश. माझ्याशी जपून बोल.” वेलांटीबाईंनी पितळी दांड्याचं एक भिंग घेतलं, आणि त्या क्षणापासून त्यांचा तोल सुटला. दिसेल त्या टेबलावर वाकायचं आणि नोटा वाचायच्या. इतरांसारखं कागद, धागा, क्रमांक बघणं नाही. वाचायच्या, वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी.

अशा वाचत वाचत त्या दालनाच्या मध्यावर आल्या. तिथे काचेच्या पेटीत, मखमली चौकटीत उभी, एकटीच एक नोट ठेवली होती. जांभळी वीस.

त्या नोटेला बघून वेलांटीबाई एकदम पेटीला जाऊन खेटल्या. त्यांचा पहिला पगार जांभळ्या विसांतच आला होता. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या, नोकरीला जेमतेम महिना झाला होता. घरी जाऊन त्यांनी नवी कोरी नोट दिव्याखाली धरली आणि सवयीने वाचली. मागच्या बाजूला दीपगृहाचं चित्र होतं आणि चित्राच्या खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. त्या ओळीत ‘अधिकृत’ हा शब्द ‘अधीकृत’ छापला होता. धी, दुसरी वेलांटी. देशाच्या चलनावर. त्यांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेच्या मुख्य कचेरीला दोन पानी पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं: ‘आपली सूचना संबंधितांकडे पाठवली आहे.’ आणि नऊ महिन्यांत नोटच बंद झाली, कारण ती घाईत पन्नासाची वाटायची आणि दुकानदार ओरडू लागले होते. छापखान्यात सगळ्यांनी वेलांटीबाईंची भरपूर थट्टा केली. पत्राचं पुढे काय झालं, ते त्यांना कधीच कळलं नाही.

आता त्यांनी काचेला भिंग लावलं. पेटीत नोटेमागे आरसा होता, त्यात नोटेची मागची बाजू दिसत होती. आरशातली उलटी अक्षरं वाचायला त्यांना काहीच कष्ट नव्हते. छपाईचे उलट्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या शेजारी बसून अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग भिंग पदराने पुसलं आणि तिसऱ्यांदा वाचली.

‘अधिकृत.’ पहिली वेलांटी.

“वन्सं,” त्यांनी नणंदेचा दंड धरला, “त्यांनी ऐकलं.”

“कोणी?”

“बँकेने. माझं पत्र वाचलं त्यांनी. चूक दुरुस्त केली. ही बघा, धि पहिली आहे.” आणि त्या हसू लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एक्केचाळीस वर्षांनी पत्राचं उत्तर आल्यासारखं त्यांना झालं होतं. नणंदेला वेलांटीतलं फारसं कळत नव्हतं, पण वहिनीला असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तीही हसू लागली.

पेटीमागे राखाडी कोटातला व्यापारी उभा होता. त्याच्यासमोर एक दातांचे डॉक्टर हातात पैशांचं पाकीट धरून उभे होते. अशी कोरी जांभळी वीस ते अकरा वर्षं शोधत होते. आणि डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला सोबत आणलेले एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांना त्या दालनात सगळे भिंगवाले आजोबा म्हणत. नोटांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी नोट आधीच तपासून ‘हरकत नाही’ म्हटलं होतं.

वेलांटीबाईंना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या आनंदाच्या भरात व्यापाऱ्याला म्हणाल्या, “ही नोट अशी आहे ना, ती माझ्यामुळे.”

“असं का,” व्यापारी अदबीने म्हणाला. त्याला दिवसभर असेच लोक भेटत होते.

“हो. आधी यात चूक होती. ‘अधीकृत’मध्ये दुसरी वेलांटी. मी पत्र लिहिलं, मग त्यांनी सुधारून छापली.”

भिंगवाले आजोबा वळले. “काय म्हणालात बाई?”

वेलांटीबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आजोबा ऐकत राहिले आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर सरकत गेल्या.

“बाई, जांभळी वीस एकदाच छापली गेली,” ते म्हणाले. “एकाच दमात. दुसरी छपाई झालीच नाही. मग सुधारली कधी?”

“पण सुधारलेली आहे ना. तुम्हीच बघा.”

आजोबांनी बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच द्यावी तशी कबुली दिली. “मी कागद बघतो, धागा बघतो, सही बघतो. ही ओळ मी कधी वाचलेली नाही.”

“वाचतं कोण?” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पाकीट गुपचूप खिशात घातलं.

“इथे आणखी कुणाकडे जांभळ्या विसा असतील,” नणंद म्हणाली. “दहा ठिकाणी रक्त तपासल्याशिवाय आम्ही रोग ठरवत नाही. चला.”

मग जे सुरू झालं त्याला तपासणी म्हणावं की मिरवणूक, ते सांगणं कठीण. पुढे नणंद, हातात नाण्यांचं गाठोडं, “बाजूला व्हा, बाजूला व्हा” करत. मागे भिंग उंच धरलेल्या वेलांटीबाई, त्यांच्यामागे आजोबा, डॉक्टर आणि घामाघूम व्यापारी. पहिल्या टेबलावरची वीस चुरगळलेली होती. वेलांटीबाई वाकल्या आणि म्हणाल्या, “दुसरी.” तिथला मालक काय चाललंय ते विचारत मागोमाग आला. पुढच्या टेबलावर दोन होत्या. “दुसरी. आणि ही पण दुसरी.” आता माशांवाला खलाशी आला, नाड्यांत नाणी ओवलेली बाई छुमछुमत आली, ते भांडणारं जोडपंही भांडण अर्धवट टाकून आलं. चौथी नोट एका कोपऱ्यातल्या माणसाने जेवणाचा डबा बाजूला सारून काढून दिली. वेलांटीबाईंनी भिंग लावलं तेव्हा मागे साठ-सत्तर माणसं श्वास रोखून उभी होती.

“दुसरी,” त्या म्हणाल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते कुणालाच धड माहीत नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या नोटेला तर गर्दीच त्यांच्याआधी “दुसरी” म्हणू लागली.

सगळे परत काचेच्या पेटीशी आले. आजोबांनी नोट बाहेर काढली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि शांतपणे म्हणाले, “खोटी. इतकं सुरेख काम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. कागद तसाच, धागा तसाच, रंग तसाच. फक्त त्या पठ्ठ्याला चूक करता आली नाही.”

व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने ती गेल्या वर्षी रोख मोजून विकत घेतली होती. नणंदेने त्याला खुर्चीत बसवलं आणि नाडी धरली. “डोकं खाली घाला. लांब श्वास घ्या. नोटेपायी कुणी मरत नाही, मी नोंदवहीत असा एकही पाहिला नाही.” तो थोडा वेळ वाकून बसला. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की काय म्हणून नणंद खाली वाकली, तर तो हसत होता. “गाढवाने सगळं चोरलं,” तो म्हणाला, “आणि शुद्धलेखन तेवढं प्रामाणिकपणे केलं.” त्यावर डॉक्टर हसले, आजोबा हसले, आणि हसणं शेवटच्या रांगेतल्या डबेवाल्यांपर्यंत पोचलं.

वेलांटीबाईंना मात्र क्षणभर चुटपुट लागली. म्हणजे पत्र कुणी वाचलंच नव्हतं. ती ओळ नीट वाचून सुधारणारा उभ्या देशात एकच माणूस निघाला, आणि तो नेमका चोर. त्यांनी हे आजोबांना बोलून दाखवलं.

“एकच कसा?” आजोबा म्हणाले. “दोन. दुसऱ्या तुम्ही.”

त्या संध्याकाळपर्यंत त्यांना आजोबांच्या शेजारी खुर्ची मिळाली, आणि लोक रांग लावून आपापल्या नोटा त्यांच्याकडून वाचून घेऊ लागले. पुढे संग्राहक मंडळाने आपली सूची तपासायला त्यांच्याकडे पाठवली. पहिल्या चाळीस पानांतच चारशे चुका निघाल्या. जांभळ्या विसेच्या नोंदीशी आल्यावर तर त्यांचा हात आपोआप ‘अधीकृत’ सुधारायला गेला, आणि आजोबांना फोन करून विनवावं लागलं की बाई, तेवढी एक राहू द्या. त्यांनी राहू दिली, पण दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दोघी बाहेर पडल्या तेव्हा ऊन कललं होतं. बसथांब्यावर नणंदेने पर्स उघडली, आत हात घालून ढवळलं आणि वहिनीकडे बघितलं.

“तुझ्याकडे सुटे आहेत?”

“भिंगात गेले. तुमच्याकडे?”

“माझ्याकडे शंभर अब्ज आहेत.”

बस आली, दार उघडलं, आणि चालकाने पाहिलं तर दोन साठीच्या बायका थांब्याच्या खांबाला धरून हसत होत्या. त्याने थोडी वाट पाहिली, मग दार लावून घेतलं. घर तीन मैल होतं. नणंद म्हणाली, वॉर्डात एका पाळीत याहून जास्त चाललेय. दोघी एकमेकींचा हात धरून निघाल्या, रुमालातली नाणी पावलागणिक वाजत होती, आणि दिवाबत्ती लागेपर्यंत त्या जेमतेम निम्म्या वाटेवर पोचल्या होत्या, कारण दर थोड्या वेळाने एक थांबायची आणि दुसरीला काहीतरी आठवायचं.