डोळे मिटून जिंकलेलं भांडण

जबलपूरला गाडी थांबायच्या आधीच मी दारात उभा होतो. घाई कसलीच नव्हती. बसवत नव्हतं, इतकंच. पाठीवर कॅमेरा, डोक्यात एक खूळ. रशियन क्रियापद बोलताबोलताच सांगून टाकतं की काम उरकलंय की चालू आहे. खुणांच्या भाषेत हातही तसंच सांगतात का? यावर भाषाशास्त्राच्या परिषदेत बोलायचं होतं आणि दाखवायला काहीच नव्हतं.

तिथल्या गोहलपूर वस्तीत बापूकाका आणि कमलकाकू राहतात. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. मुलगी वीणा ऐकते-बोलते, शाळेत शिकवते. तिनं आल्याआल्या माझ्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात खोव्याच्या जिलबीची बशी दिली. दोन्ही हात अडकले, म्हणजे या घरात मी मुका. काकू खळखळून हसल्या.

कॅमेरा लावला. न उरकलेली क्रियापदं हवी होती, म्हणून मोठ्या हुशारीनं विचारलं, "पुढच्या वर्षी काय काय करणार?"

वीणानं ते हातांनी सांगितलं. काका रंगून उत्तर देऊ लागले. काकूंचा चेहरा उतरला, मग चारही हात एकदम उडू लागले. मी खूश. काय सुरेख क्रियापदं!

"अरे भैया, हे काय विचारलं तुम्ही!" वीणा म्हणाली. "बाबा घर विकून पुण्याला दादाकडे जायचं म्हणून राहिले. आईला आत्ता समजलं. ती म्हणते, सून खुणा शिकली नाही, तिथे बोलू कोणाशी? इथे तिच्या मैत्रिणी आहेत. काहून (कशाला) विचारलं हो?"

एवढ्यात काकूंनी डोळे मिटून घेतले. आता काका हातांनी कितीही ओरडोत, ऐकणार कोण?

मग काका मला पटवू लागले. मला ओ की ठो कळेना, सवयीनं मान डोलावत राहिलो. काकूंनी एक डोळा किलकिला केला, तर मी डोलतोय.

"अहो, घर विकायला हो म्हणून राहिले तुम्ही!" वीणा मला म्हणाली.

काकूंचा डोळा पुन्हा मिटला, आधीपेक्षा घट्ट. मी निमूट कॅमेरा बंद केला.

काका येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी काकूंसमोर बसले, त्यांचे हात हातात घेतले आणि त्यांच्याच बोटांनी सावकाश काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी कुजबुजलो. त्या घरात कुजबुजायची गरज नव्हती, हे नंतर सुचलं.

"'नाही विकत. डोळे उघड.'"

काकूंनी लगेच उघडले नाहीत.

निघताना त्यांनी वीणाकरवी बजावलं, भांडण कोणाला दाखवायचं नाही, समेट खुशाल दाखवा. परतीच्या गाडीत शहपुरा स्टेशन मागे पडेपर्यंत मी कॅमेरा चाळत होतो. भांडण पुरेपूर, समेटाचं एक चित्र नाही. परिषदेत काय दाखवणार, देव जाणे. घर मात्र गोहलपुरातच आहे.