टक्क्याच्या खुणेमागचं नाव

“हे ‘खाले’ कोणाचं?”

सरांनी प्रुफाचं पान माझ्यासमोर धरलं. शेजारी नागपूरहून आलेले प्रकाशक चहा पीत बसलेले. सरांच्या इंग्रजीतल्या गणिताच्या पुस्तकात, भर समीकरणात, रोमन अक्षरांत छापून आलं होतं, ‘खाले’.

प्रकाशक हसले. सरही हसले. म्हणाले, “आमची टायपिस्ट. आंजीच्या बौद्ध वस्तीतून येते. कितीही शिकवा, यांची भाषा कुठेतरी डोकावतेच.”

यांची. तिथं मी एकटीच उभी होते.

आणि याच शब्दाला सरांनी कधीकाळी शाबासकी दिली होती!

वर्ध्याच्या एका कॉलेजात, गणित विभागात मी रोजंदारीवर टायपिंग करायचे. सरांनीच मला कोडात लिहायला शिकवलं. मजकूर लिहायचा आणि त्याला खुणा करायच्या. हे प्रकरण, हे समीकरण, हे उदाहरण. पडद्यावर सगळा खुणांचा पसारा, पण छापलं की पान लख्ख. पहिला महिना मी रडकुंडीला आले. मग हात बसला, आणि त्याहून सोपं काही वाटेना. मध्येच एखादं उदाहरण घातलं तरी पुढचे सगळे अनुक्रमांक आपोआप सरकायचे.

लांबलचक खुणांना आपलं छोटं नाव देता यायचं. अक्षराच्या पायाशी बारका आकडा बसवायच्या खुणेला मी नाव दिलं, खाले, म्हणजे आमच्या बोलीतलं खाली. डोक्यावर बसवायचा असेल तर वरते. सर तेव्हा खूश. “वा! गणिताला वऱ्हाडी शिकवलीस तू.” ते वाक्य मी घरी जाऊन मायला दोनदा सांगितलं.

फाईलच्या पहिल्या ओळीत त्यांनीच मला माझं नाव लिहायला लावलं. आधी टक्क्याची खूण टाकून. ती खूण असली की ओळ छापून येत नाही, फक्त फाईलमध्ये दिसते. तीन वर्षं फाईल उघडली की आधी माझं नाव. मला वाटायचं, पुस्तक थोडं माझंही आहे. किती भोळी होते मी.

मग सरांचा भाचा आला, नवं सॉफ्टवेअर घेऊन. “माऊस धरला का झालं, मामा. दिसते तसंच छापते. हे कोड-फिड काऊन पाहिजे?”

त्यानं माझी फाईल त्यात ओतली, प्रत्येक खुणेच्या नावाआधीच्या तिरप्या रेघा पुसल्या गेल्या, आणि नुसती नावं काही ठिकाणी तशीच राहिली. सरांना हे पक्कं माहीत होतं. तरी ते त्या दिवशी प्रकाशकांसमोर हसले. मला खरं लागलं ते हे.

आठवड्यानं भाच्यानं तिसऱ्या प्रकरणात एक उदाहरण वाढवलं. अनुक्रमांक त्यानं हातानं टाकलेले. पुढचे सगळे चुकले. तेव्हा सर माझ्या टेबलाशी आले. आवाज मऊ.

“तुझ्या जुन्या फाईलवरूनच काढू. तुला काय, सोपं आहे.”

सोपं. पहिला महिना रडून, मग तीन वर्षं घासून ते सोपं झालं होतं.

मी फाईल उघडली. पहिली ओळ उचलली, सरांच्या नावाच्या खाली ठेवली, टक्क्याची खूण पुसली. पहिलं पान छापून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांचं नाव, आणि खाली माझं.

सरांचा चेहरा उतरला. “टायपिस्टचं नाव असतं का कुठे पुस्तकात?”

“चूक निंगाली तवा तं टायपिस्ट लगेच सापडली तुमाले, सर. आंजीसकट.”

त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं. मी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्यानंतरही नाही.

टायपिंग आजही करते. काम घेताना पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते. माझं नाव छापायचं असेल तर कागद ठेवा. नसेल छापायचं, तर उचला.