तळ्यावरचा उपडा पेला

"बठा भाऊ, पानी पी ल्या," असं म्हणत बापू उपडा ठेवलेला पितळी पेला उचलायचा आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागायचा. पेला पुसून होईपर्यंत पाहुणा सायकलवर बसलेला असायचा.

तुम्ही-आम्ही सगळेच त्याच्याकडे नेहमी "आत्ताच चहा घेऊन" आलेले असू. त्याच्या मडक्यातलं पाणी विहिरीचं होतं, गोड होतं. पण झोपडी गटारीच्या तळ्यांवर होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

शहादा आणि तापी यांच्या मधलं आमचं गाव. आधी गावाची सगळी गटार थेट नदीत पडायची. मग पालिकेने गावाबाहेर एकापुढे एक अशी तीन तळी खोदली. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यातलं पाणी उन्हाने हिरवं व्हायचं, तिसऱ्यात मासे फिरायचे आणि तिथून ते पाणी नदीत सोडायचं. मी समोरच्या नाक्यावर जकात कारकून. म्हणजे हे नाटक मला पहिल्या रांगेतून फुकट.

बापू चांगल्या शेतकरी घरातला, केळीच्या बागेत वाटा असलेला. तरी तळ्यांची राखण त्याने मागून घेतली. भावांनी त्याचं ताट वेगळं केलं, तो तळ्यावरच राहायला आला. कारण एवढंच, की नदीच्या खालच्या अंगाला दोन कोसांवर त्याची मुलगी दिली होती. तिथल्या बायका उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून पाणी भरतात. तिचं पहिलं मूल हगवणीने गेलं होतं.

मुलीच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नाही, ही त्यांची रीत. भर वैशाखातही तो तिच्याकडून कोरड्या घशाने परत यायचा. म्हणायचा, "मी पोरनं पानी पेत नही. पन पोर मन्हं पानी पेस, भाऊ."

सकाळी तो तिसऱ्या तळ्याशी बसून माशांची चौकशी करायचा, "काय मंडळी, झोप लागनी का?" मंडळी वर येऊन तोंड उघडायला लागली, म्हणजे पाणी बिघडलेलं; त्या दिवशी नदीकडचं दार बंद.

एका उन्हाळ्यात त्या रस्त्याने कुणी बडे पाहुणे येणार होते. पालिकेचे अध्यक्ष जीप भरून माणसं घेऊन तळ्यावर आले.

"तळी आजच्या आज नदीत रिकामी करा. पाहुण्यांना वास यायला नको."

नदी तेव्हा सुतळीएवढी उरली होती. बापूने हात जोडले.

"सोडस ना साहेब. पन तुम्ही पहिलांदाच उनात. पानी पेल्याबिगर दार उघडत नही, आमनी रीत शे."

त्याने पेला पुसला, भरला, पुढे धरला. अध्यक्षांनी सभासदाकडे पाहिलं, सभासदाने शिपायाकडे, शिपायाने आभाळाकडे.

"आत्ताच चहा झाला," अध्यक्ष म्हणाले.

"चहावर पानी चालस."

"उपास आहे."

"उपासले बी चालस, साहेब."

बापूला घाई नव्हती. पेला तसाच पुढे. शेवटी जीप वळली. पाहुणे आले, नाकाला रुमाल लावून गेले. तळी जागच्या जागी राहिली.

मी पोट धरून हसत रस्ता ओलांडला, त्याची पाठ थोपटायला. तो भरलेला पेला निंबाच्या बुंध्याशी ओतत होता.

"एखादानी तरी पेवाले पाहिजे व्हतं," तो म्हणाला.

एकानेही प्यायलं असतं, तर दार उघडावं लागलं असतं. हे त्याला माहीत होतं. तरी त्याला वाईट वाटलं होतं.

पुढे त्याने अंथरूण धरलं, तेव्हा मुलगी त्याला बैलगाडीतून आपल्या घरी घेऊन गेली. मी भेटायला गेलो. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. ती तांब्या घेऊन उभी, आणि हा भिंतीकडे तोंड करून.

"रीत शे, माय."

ती वाद घालत बसली नाही. तांब्या उपडा करून नदीवर गेली. वाळू उकरली, वरचं गढूळ उपसून टाकलं, खालचं नितळ भरून आणलं.

"बापू, हाई मन्हं नही. तुमनंच शे. तळावरथीन नदीमा उनं."

तो बराच वेळ तांब्यात बघत राहिला, माशांची चौकशी करताना बघायचा तसा. मग प्यायला. थोडं उरलं, तेव्हा तांब्या माझ्याकडे करायला सांगितला.

"बठा भाऊ."

मी बसलो, आणि प्यायलो.

तळ्यावर आता दुसरा राखणदार आहे. पेला तिथेच फळीवर उपडा आहे. नवा राखणदार कुणाला पाणी विचारत नाही.